परतीची शेळी

मिरी अडली ती नेमकी नव्या कंदाच्या सणाला. म्हणजे ज्या दिवशी आमच्या गावात कोणी कसलंही काम करू नये असा दंडक आहे आणि म्हणून बायका कोंबडं आरवायच्या आधीपासून राबत असतात.

उरेन्मा मात्र चुलीपाशी नव्हती. स्वयंपाकघरामागच्या शेळ्यांच्या खोपटात ती मिरीच्या मागे फतकल मारून बसली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत ताडाच्या लाल तेलाने माखला होता. करडाचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते. एवढे लांब पाय या घरातल्या शेळ्यांच्या सात पिढ्यांत कोणाला नव्हते. ते पाय चीफचे होते.

चीफ म्हणजे बोकड. तिचा मोठा दीर ओकेझी याने गेल्या नाताळात उत्तरेकडून आणलेला. आमच्याकडच्या शेळ्या बुटक्या, पिंपासारख्या गोल, माणसाच्या गुडघ्याला लागतील एवढ्या. ओकेझीला पुढल्या वर्षी गावात मानकऱ्याची मोठी पदवी घ्यायची होती, आणि पदवीच्या मिरवणुकीत घरचा बोकड दोरीने धरून पुढे चालवायचा असतो. आमचा बोकड गर्दीत दिसतच नाही. दोरी एकटीच चालल्यासारखी वाटते. नाताळच्या जेवणात कोणीतरी हे मोठ्याने बोललं, सगळे खदखदून हसले, आणि ओकेझी आठवड्याच्या आत तो उंट घेऊन आला. पोरांनी त्याचं नाव चीफ ठेवलं. घराण्यात ती पदवी पहिल्यांदा मिळाली ती अशी.

“पिशवी एवढीशी आणि त्यात कंद केवढा घालताय भाऊजी,” असं उरेन्मा तेव्हा म्हणाली होती. फक्त ती. तिच्या नवऱ्याने, अनायोने, तिला कोपर मारलं होतं. नणंद अदाओरा म्हणाली होती, “आमच्या ओकेझीला शहरात शिकवलंय ते काय उगाच?” ओकेझी शहरात बोअरिंगची कंत्राटं घेतो. जमिनीत भोकं पाडण्याचा आणि शेळ्यांचा तसा संबंध नाही, पण मोठ्या मुलाला आमच्याकडे सगळ्यातलंच कळतं.

कोरडा वाळवंटी वारा होता तोवर चीफने आपलं काम चोख केलं. मग ओल धरली, रानातली चावरी माशी आली, आणि चीफ वाळत वाळत गेला. आमच्या बुटक्यांना ती माशी पिढ्यानपिढ्या चावते. त्या कान हलवतात आणि खात राहतात. चीफला हे कोणी सांगितलं नव्हतं. आपली लेकरं बघायला तो उरला नाही. हे त्याचं नशीब थोर म्हणायचं, कारण मग शेळ्यांचे दिवस भरत आले आणि एकेक करून त्या अडायला लागल्या. राखाडी गेली. कानफाटी गेली. तिची लेक गेली. एक कशीबशी मोकळी झाली तर तिला आतून सडल्यासारखं होऊन ती आठवड्यात गेली, आणि तिचं लांबटांग्या करडू उभं राहायचंच विसरलं. उरली फक्त मिरी.

आणि मिरी जाऊन चालणार नव्हतं. कारण पलीकडच्या खोलीत तिची सासू, म्बाफो, मरायला टेकली होती.

म्बाफो या घरात नवरी म्हणून आली तेव्हा तिच्या आईने तिच्याबरोबर एक काळी शेळी धाडली होती. सगळ्यांच्याच आया धाडतात. त्या शेळीच्या पोटच्या, तिच्या पोटच्या, अशा वेलीतली एक शेळी, बाई मेली की तिच्या माहेरी परत जाते. माहेरचे तिला चाचपतात, दात बघतात, गळा बघतात, आणि म्हणतात, “आमची लेक तुमच्याकडे नांदली.” मगच पुरायची परवानगी. शेळी नाही तर परवानगी नाही, पेटी थांबते. खालच्या आळीतल्या एकीची पेटी शीतघरात इतकी थांबली की तोवर तिच्या नवऱ्याने दुसरी केली आणि दुसरीचीही शेळी मेली.

“काय म्हणतेय?” अनायोने खोपटाच्या दारातून विचारलं. तो सणाच्या पांढऱ्या झग्यात होता, म्हणून आत येत नव्हता.

“म्हणायचं सगळं पहाटे म्हणून झालं तिचं. आता नुसती बघते.”

“ओढून बघ ना जरा.”

“ओढून ओढून माझा खांदा गेला. डोकं एवढं मोठं आहे की शेजारी माझी मूठ मावत नाही.” उरेन्माने कपाळ दंडाला पुसलं. “जीव आहे अजून त्याच्यात. बोट तोंडाला लागलं तर चोखलं मेल्याने.”

अनायोने झग्याचा घोळ वर धरला.

“सुरी द्या मला,” ती म्हणाली. “पातळ पात्याची. आतल्या आत तोडून काढते त्याला. मिरी वाचेल. पुढच्या खेपेला बुटका बोकड बघू.”

“बोट चोखतंय म्हणालीस ना?”

“म्हणूनच लवकर द्या म्हणते. जरा वेळाने माझ्याच्याने व्हायचं नाही.”

“अगं, पण आईच्या शेळीला पातं लावायचं तर दादाची परवानगी लागते. आणि तू तर सून.”

“मग विचारा की फोनवर.”

“विचारलं. म्हणाला, असल्या परवानग्या फोनवर देत नसतात. पोचतोच आहे.”

“कुठवर आलेत?”

“मघाशी विचारलं तेव्हाही पोचतच होता,” अनायो म्हणाला, आणि जणू आपणच रस्ता आहोत अशा अपराधी चेहऱ्याने निघून गेला.

*

ओकेझीची गाडी अंगणात शिरली तेव्हा भावकी बैठकीच्या खोलीत जमलीच होती. गाडीतून आधी त्याची लाल टोपी उतरली, पदवीवाल्यांची, पदवीच्या आधीच घातलेली, मग तो. मागच्या डिकीत म्हातारीसाठी गादी होती. फुगवायची, शहरातली, पाठीला जखमा होऊ न देणारी. ती निवडायला त्याला सकाळचा सगळा वेळ लागला होता.

खोपटावरून जाताना त्याने तिकडे पाहिलं नाही. एरवी या घरात शिरलं की आधी शेळ्यांचा गलका कानावर यायचा. गाडीचा आवाज म्हणजे कंदाच्या साली, असं त्यांना वाटायचं. आज नुसत्या माश्या घोंघावत होत्या. ओकेझीला नाताळातली सकाळ आठवली. आईला धरून अंगणात आणलं होतं. तिला दिसत नव्हतं, म्हणून तिने सवयीने खाली हात नेला, तर तिथे नुसते पाय. मग हात वर वर नेत तिने चीफची पाठ शोधली आणि पोरीसारखी हसली होती. “अरे, याच्या पाठीवर हात ठेवायला वाकावं नाही लागत,” म्हणाली होती. तेवढ्यासाठी त्याने आणखी दहा बोकड आणले असते. नशीब, आणले नाहीत.

“दादा, आधी मिरीकडे...” अनायोने सुरुवात केली.

“आधी कोला,” बैठकीतून ओन्वुरा काका ओरडले. “माणूस दारात आला की आधी कोला. आपण काय रस्त्यावर पडलोय?”

ओन्वुरा काका म्हणजे भावकीतले आता सर्वात जुने. त्यांच्याहून वयाने मोठं असलेलं एकेक झाड गेल्या काही वर्षांत पडलं होतं. कोलाचं बी फोडल्याशिवाय आमच्याकडे सभा सुरू होत नाही, आणि कोलाला फक्त आपली भाषा कळते, तीही म्हाताऱ्यांच्या तोंडची. काकांनी बी हातात घेतलं आणि पूर्वजांना बोलावलं. पूर्वज पुष्कळ होते. प्रत्येकाला नावाने बोलावलं, आणि एकाचं राहिलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

“काका, शेळी अडलीय,” अनायो कुजबुजला.

“ठाऊक आहे मला. त्याचसाठी तर बसलोय.” काकांनी बी फोडलं, तुकडे फिरवले आणि घसा साफ केला. “आपल्या वाडवडिलांनी काय सांगून ठेवलंय? घरात जाणतं माणूस असताना शेळी दाव्याला बांधलेली विऊ नये.”

“खरं आहे,” सगळे म्हणाले. माना डोलल्या. कोणीही उठलं नाही.

“आता मुद्दा असा,” ओकेझी म्हणाला. “उरेन्मा म्हणते करडू तोडायचं. मी म्हणतो, शेळीचं पोट उघडून करडू काढा. ते नव्या वाणाचं आहे. त्यात आईच्या शेळीचं रक्त आहे आणि चीफची उंची. उद्या तेच परतीला जाईल आणि माहेरचे बघत राहतील.”

“आणि नर निघाला तर?” अदाओराने विचारलं. ती घरातली थोरली लेक. गावच्या सगळ्या माहेरवाशिणींची पुढारी. माहेरवाशिणी रुसल्या तर या गावात मढं उचलता येत नाही, त्यामुळे तिला मध्ये तोडायची रीत नव्हती. “परतीला शेळी जाते, ओकेझी. बोकड नाही.”

“नर असेल तर त्याचा मागचा पाय रीतीप्रमाणे माझा,” काका म्हणाले. “हे आधी बोलून ठेवलेलं बरं.”

“म्हणून म्हणते, शेळी वाचवा,” अदाओरा म्हणाली.

“तू नाताळात तर माझ्या बाजूने होतीस, ताई!”

“नाताळात मी पाहुणी होते. तुझी कोंबडी खाल्ली होती.”

“मला वाटतं...” अनायो म्हणाला.

“तुला काय वाटायचंय?” ओकेझी त्याच्यावर उलटला. “तुझ्या बायकोच्या ताब्यात आईची सगळी वेल दिली होती. एवढ्या मेल्या! शेळ्या काय आपणहून मरतात? काहीतरी खायला घातलं असेल. कसाव्याच्या कच्च्या साली घातल्या असतील.”

ही कल्पना सगळ्यांना पसंत पडली. मोठ्या भावाला दोष देणं अवघड, मेलेल्या बोकडाला देणं वाया. सून मध्ये बरोबर बसत होती. अदाओरासुद्धा म्हणाली, “तिचा हात जरा गरमच आहे. तिने लावलेला भोपळाही आला नव्हता.” अनायोने जमिनीकडे पाहिलं. नऊ-दहा माणसांसमोर बायकोची बाजू घ्यायची तर माणसाकडे निदान लाल टोपी तरी पाहिजे.

“साली वाळवूनच घालते मी,” दारातून उरेन्मा म्हणाली.

कधी येऊन उभी राहिली कोणाला कळलं नव्हतं. तेलाने आणि रक्ताने हात एकाच रंगाचा झाला होता.

“सभेत बायकांनी...” काकांनी सुरुवात केली.

“नाही येत सभेत. एवढंच सांगते की आता काही ठरवायला नको. मिरी गेली. करडू तिच्या आधी गेलं.”

बाहेर शेजारच्या अंगणात नवा कंद कुटण्याचा धपधप आवाज चालू होता. तिकडे सण होता.

“ओढून काढलं मग मी त्याला,” उरेन्मा म्हणाली. “मेलेल्याला परवानगी लागत नाही ना भाऊजी? पाट आहे, मादीच. काळीभोर. गळ्याखाली डाव्या बाजूला मांसाचं एकच लोंबतं बोंड. आईंच्या वेलीचं, असतं तसंच.” ती ओकेझीकडे बघत होती, पण रागाने नाही, रागाला जोर लागतो. “पाय मात्र सुंदर आहेत हं. लांब.”

*

पुढे काय येणार ते अदाओराला ठाऊक होतं.

“थांबा, थांबा,” काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. “एवढं डोक्याला हात लावून बसायचं कारण नाही. आपले पूर्वज काय मूर्ख होते? अर्धलीवर शेळ्या कशाला देतात? एका घरी रोग आला तर दुसऱ्या घरी वेल राहावी म्हणून! म्बाफोवहिनींच्या शेळ्या अर्धलीला गेल्यात की.”

“खरंच!” ओकेझी उठूनच उभा राहिला. “कोणाकोणाकडे आहेत?”

अर्धलीचा व्यवहार साधा आहे. तुमची शेळी मी पाळायची, एक करडू तुमचं, एक माझं. त्यामुळे कोणाची शेळी कुठे आहे हे सगळ्यांना पाठ असतं, आणि अडचण असेल तेव्हा कोणालाच आठवत नाही.

“एक काकांकडेच होती ना?” अनायो म्हणाला. “पांढऱ्या खुराची.”

काकांचा उजळलेला चेहरा हळूहळू मावळला. “ती होय? ती... जरा वयस्कर झाली होती.”

“मग?”

“ईस्टरला माझे व्याही आले होते.”

“काका! खाल्लीत?”

“एकट्याने नाही,” काका दुखावल्या स्वरात म्हणाले. “तूही होतास पंगतीला. दोनदा वाढून घेतलंस.”

अनायोने घाईने विषय पुढे नेला. “दुसरी मी...” आणि थांबला.

“तू काय?”

“चर्चच्या सुगीच्या लिलावात दिली. सगळे देत होते. पाद्रीबाबांनी माइकवरून नाव घेतलं होतं माझं.”

“कोणी घेतली लिलावात?”

“बाहेरगावच्या खानावळवाल्याने.”

आता सगळी तोंडं अदाओराकडे वळली. तिच्या सासरी आईची एक काळी शेळी होती, सगळ्यात चांगली, मिरीची सख्खी बहीण. अदाओराने डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. तिला ओरडायची सवय होती. हळू बोलायचं कसं ते तिला शोधावं लागलं.

“माझ्याकडची गेली,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात. व्यायलाच अडली.”

“पण तुझ्याकडे तर चीफ नव्हता,” ओकेझी म्हणाला.

“तूच पाठवला होतास.”

“मी?”

“मी मागितला, तू पाठवलास. पंधरा दिवस. मोटारसायकलवर बसवून, चालवणाऱ्याच्या खांद्यावर मान ठेवून आला होता. रस्त्यात लोक हात करत होते त्याला.” अदाओराचा आवाज चिरकला. “तू म्हणालास, ताई, चांगली गोष्ट एकट्याने ठेवू नये.”

ओकेझी खाली बसला. त्याला आठवलं. बोकड परत आल्यावर त्याने आणखी कोणाकोणाला पाठवला होता तेही आठवलं. वरच्या वाडीला. ओढ्यापलीकडे. आईची वेल जिथे जिथे होती तिथे, आधी त्यांच्याकडे, कारण आपली माणसं आधी. रोगाने एक घर गेलं तर दुसरं राहावं म्हणून पूर्वजांनी शेळ्या घरोघरी वाटल्या होत्या. ओकेझीच्या मोठ्या मनातून एकही घर सुटलं नव्हतं.

“मला का नाही सांगितलंस गं ताई?”

“तू तर आईच्या पेटीसाठी पितळी कड्या बघत होतास. तुला काय सांगू?”

मग सगळे एकदमच बोलायला लागले. दोन मिनिटांत काका अनायोवर, अनायो काकांवर, अदाओरा दोघांवर उलटली. आता उरेन्माला कोणी काही म्हणत नव्हतं. एवढा मान तिला या घरात पहिल्यांदाच मिळत होता. गलका ऐन भरात आला तेव्हा ओकेझी म्हणाला, “बुटकी काळी शेळी काय जगात एकच आहे?”

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

“बाजारात हव्या तेवढ्या मिळतात,” तो म्हणाला. “पण आईला आत्ताच सांगावं लागेल की मिरी आहे. ती सकाळपासून विचारतेय. शेजारच्या न्वाकू आजीकडे काळी आहे ना? घटकाभर मागून आणू. आईचा हात फिरला की परत. पुढचं पुढे बघू.”

“आणि माहेरचे गळ्याखालचं बोंड बघतील तेव्हा?” अदाओराने विचारलं. पण विचारण्याच्या स्वरात नाही; म्हणायला हवं म्हणून.

“दोनांतलं एक बोंड दोऱ्याने बांधलं की आपोआप गळून पडतं,” काका म्हणाले. “मी बघितलंय.”

“देवाला चालेल का?” अनायो म्हणाला.

“बायबलातच आहे,” ओकेझी म्हणाला. “आंधळा बाप, हातांना शेळीचं कातडं, थोरल्याऐवजी धाकट्या मुलाला आशीर्वाद. देवाने चालवून घेतलं होतं.”

अशी या घरातली सगळी माणसं कित्येक वर्षांनी एका मताची झाली. अदाओराने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी उरलेला कोला अनायोला दिला. फक्त एक अडचण होती: शेळी आत न्यायची कोणी? म्हातारीचा विश्वास होता तो एकाच माणसावर. सगळ्यांनी दाराकडे बघितलं.

“उरेन्मा,” अदाओरा अगदी मऊ आवाजात म्हणाली, “हात धू बरं, पोरी.”

*

म्बाफोच्या खोलीला आणि बैठकीला मध्ये एकच भिंत होती, तीही तिच्या नवऱ्याने बांधलेली, म्हणजे अर्धवट. वरून सगळं ऐकू यायचं. आयुष्यभर ती या भिंतीमागे कंद सोलत भावकीचे निवाडे ऐकत आली होती. आजही ऐकलं. पोटातली कळ मध्ये मध्ये इतकी मोठी व्हायची की एखादं वाक्य निसटायचं, पण या घरात एखादं वाक्य निसटलं तर पुढच्यात तेच असायचं.

तिला मरायची भीती नव्हती. इस्पितळाने घरी पाठवल्यापासून ती नीट तयारीत होती. दात काढून वाटीत ठेवलेले, चांगलं लुगडं बाहेर. फक्त अमाओरूला, तिच्या माहेरी, आईच्या अंगणात मिरी शिरताना तिला मनाने रोज दिसायची. मेल्यावर बाई कुठे जाते ते पाद्री सांगतो, पण बाईची पोच कुठे जाते ते तिला ठाऊक होतं. त्या अंगणातून डोक्यावर पेटी आणि हातात काळ्या शेळीची दोरी घेऊन निघाली तेव्हा आई म्हणाली होती, “तू नाही आलीस तरी ही येईल.”

दाराशी खुरांचा आवाज झाला.

“आई,” ओकेझी म्हणाला. त्याचा आवाज फारच आनंदी होता. “मिरी आणलीय बघ. छान मोकळी झाली. करडू मात्र... नाही राहिलं. पण ही अगदी ठणठणीत!”

म्बाफोने हात खाली सोडला. आता वाकायची गरज नव्हती, ती आडवीच होती. हाताखाली आखूड केसांची गरम पाठ आली. बोटं मानेकडे गेली, गळ्याखाली गेली. एक बोंड. शेजारी दुसरं. दोन्ही मऊ, दोन्ही जिवंत. म्हणजे दोऱ्याला अजून वेळ मिळाला नव्हता. मग हात मागे कासेकडे गेला. कास कोरडी, आटलेली. आज व्यालेल्या शेळीची कास कोरडी नसते, हे जमिनीत भोकं पाडणाऱ्याला कुठून कळणार?

खोलीत सगळे श्वास धरून उभे होते. त्या धरलेल्या श्वासांतून तिने एकेक लेकरू ओळखलं. थोरली दाराशी, रडू दाबत होती. धाकटा तिच्या मागे. मोठा अगदी जवळ. त्याच्या अंगाला नव्या गादीचा रबरी वास येत होता. एवढी मोठी झालेली माणसं, आणि चोरून लाडू खाल्ल्यासारखी उभी.

“चांगली आहे,” म्हातारी म्हणाली. “गुणाची आहे. जा आता, जेवा. सणाचं उपाशी राहू नये.”

ओकेझीने इतका मोठा सुस्कारा सोडला की तिच्या तोंडावर वारा आला. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि जाताना भिंतीशी अडखळला. बैठकीतून काकांचा आवाज आला, “बघा, मी म्हटलं नव्हतं?” मग ताटं वाजली.

उरेन्मा दोरी धरून उभीच होती.

“कुणाची गं ही?” म्बाफोने विचारलं.

उरेन्माने खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. “न्वाकू आजींची.”

“तिची परतीची?”

“हो.”

“मग आधी नेऊन बांध. ती माझ्याहून म्हातारी आहे. तिला कधीही लागेल.”

“नेते, आई.”

“आणि सूर्य उतरायच्या आत ने. एवढा वेळ दाव्याला दिसली नाही तर घाबरेल बिचारी.” कळ आली. म्हातारीने ती ओठ आवळून जाऊ दिली, एखाद्या बडबड्या पाहुण्याला वाट द्यावी तशी. “आपल्यातली एकही नाही ना राहिली?”

“नाही.”

“अदाओराकडची?”

“नाही आई.”

“हं.” तिने रिकामा हात पोटावर ठेवला. उरेन्माला वाटलं झोप लागली. तिने दोरी मनगटाला गुंडाळली आणि उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा मागून म्हातारीने विचारलं. रडून नाही, रागाने नाही. चुलीवर भांडं ठेवल्यावर, त्याचं झाकण कुठाय म्हणून विचारतात तसं.

“मग मी जाऊ कशी गं?”

उरेन्मा उंबऱ्यात थांबली. बैठकीत कोणीतरी हसलं. शेळीला मात्र थांबायचं नव्हतं. तिने मान ताठ केली, दोरी ओढली, आणि उरेन्माला मागे फरपटत अंगणातून, मिरीच्या उघड्या खोपटावरून, कुंपणातल्या फटीतून ती आपल्या घराकडे निघाली. वाट तिला कोणी दाखवायला लागली नाही.